मंगळवार, नऊ ते दहा

ग्रिम्सबीच्या आमच्या दुकानात दर मंगळवारी
नऊ ते दहा गाणी बंद असतात.
दिवे अर्धे. गल्ल्यावरची यंत्रं मुकी.
दारावर पाटी: हळव्या कानांसाठी.
सहा वर्षं मी इथे आहे, गोठवलेल्या मटाराशी,
आणि हा तास कुणासाठी, असं कुणी विचारलं
तर गिऱ्हाइकांकडे बोट दाखवते.

लहानपणी पातेल्यात उलथनं खरवडलं
की मी न्हाणीघरात जाऊन बसायची.
आई पाहुण्यांना सांगायची, हिचे कान हुळहुळे आहेत,
भाजल्यावर नवी कातडी येते ना, तसे.
पाहुणे हसायचे. त्यांच्या हसण्याचाही
एक ओरखडा उठायचा.

एरवी दिवसभर ते गाणं.
अकरा वेळा. मी मोजते.
लोक त्याला गोड म्हणतात.
माझे दात आंबतात.
पहिल्या ओळीआधी ती मुलगी श्वास घेते
आणि तो कुणीतरी मध्येच कापलाय,
मला कात्री ऐकू येते.
मग टाळी, फक्त डाव्या बाजूला,
ओल्या टॉवेलचा फटका बसावा तशी.
मग ध्रुवपद.
डेरेक पाव लावता लावता कंबर हलवतो,
आणि मी मटाराची पिशवी पोटाशी धरून उभी,
कारण बेंबीखालून एक जिना वर चढत जातो
आणि त्याला शेवटची पायरी नसते.
हे दुखणं की सुख, अजून ठरलेलं नाही.
एकदा त्या नसलेल्या पायरीवर मी रडले.
कांद्यांजवळ होते, असं सांगितलं.

मागच्या मंगळवारी, नऊ वाजून बारा मिनिटांनी,
वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बोट चुकलं
आणि ते सुटलं, पूर्ण आवाजात,
अर्ध्या दिव्यांत.
एक आजोबा अंडी खाली ठेवून भिंतीला टेकले.
एका बाईने कोट डोक्यावर ओढला.
मॅनेजर धावला, जिन्याच्या दाराची किल्ली सापडेना.
आणि रोरी,
कानांवर निळ्या वाट्या चढवून
ट्रॉलीच्या दांडीत दात रोवून चालणारा,
आठेक वर्षांचा,
त्याने वाट्या काढल्या.
त्याचे कान झाकायला आईचा हात निघाला होता,
तो हवेतच राहिला.

तो थेट माझ्या फ्रीझरपाशी आला.
काचेवर दोन्ही तळवे टेकले, मग गाल.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
गाणं इथे गार आहे.

मी हातमोजा काढला.
ठोका काचेतून आला,
पेरांत, मनगटात, कोपरापर्यंत,
आणि तिथेच बसून राहिला, पाहुण्यासारखा, चपला काढून.
पन्नास वर्षं मी गाण्यांना
भलत्याच दाराने आत घेत होते की काय.
श्वास आला, कात्रीसकट.
मी दचकले. रोरी दचकला.
एवढ्या मोठ्या दुकानात त्या अर्ध्या श्वासावर
दोन माणसं.

टाळी झाली. जिना चढू लागला.
आणि मॅनेजरला किल्ली सापडली.

शांतता पडली ती ताट पडावं तशी.
रोरी किंचाळला. फरशीवर बसला, टाचा आपटत.
आई सगळ्यांची माफी मागू लागली,
आवाजाचा त्रास होतो हो त्याला, म्हणाली,
आजोबा म्हणाले, समजतं, समजतं.
त्यांना काय समजलं होतं?
जिना अर्धाच होता.

मी खाली बसले, गुडघे कुरकुरले.
काचेवर बोटांनी उरलेलं वाजवलं,
टाळीसाठी नख, ढोलासाठी तळवा,
सगळं, जसंच्या तसं, तो कापलेला श्वाससुद्धा,
त्याच्यासाठी बोट फक्त उचललं.
दिवसातून अकरा वेळा. पाठ आहे मला.
त्याचा गाल काचेवर. वाफेचा एक गोल
लहान, मोठा, लहान.

संपलं, तेव्हा त्याने वाट्या कानांवर चढवल्या
आणि ट्रॉलीची दांडी पुन्हा दातांत धरली.

डेरेकने पलीकडून विचारलं,
काय झालं, दार अडकलंय का?
हो म्हटलं.
थोडं ठोकावं लागतं.